धुरपामायची शंभर पाणी

फार वर्षांपूर्वी, बिबखेडला सडक नव्हती आणि साऱ्या गावात मिळून आरसा एकच होता, तेव्हाची ही गोष्ट. तो आरसा मालगुजाराच्या ओसरीत टांगलेला असे. बाकीच्यांना आपलं तोंड कसं दिसतं ते दुसऱ्यानं सांगितलं तरच कळे. या आरशाचं काम गोष्टीत पुढे पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

बिबखेड जंगलाच्या काठाला होतं आणि त्या जंगलात बिब्याची झाडं फार. ज्यानं बिबा पाहिला नसेल त्यानं एवढं समजून घ्यावं की ते बोराएवढं, काळं, कडक फळ असतं. दगडावर ठेवून फोडलं की आतून गोडंबी निघते. गोडंबी पांढरी, गोड, ताकदीची. ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात. पण तिच्या भोवती जे काळं तेल असतं ते अंगावर उडालं की कातडी उतते. आधी खाज, मग फोड, मग फोडातलं पाणी, मग साल निघते. परीट लोक याच तेलानं कपड्यांवर खुणा करतात आणि कापड फाटेपर्यंत त्या खुणा जात नाहीत.

बिबे फोडायचं काम बायांचं होतं. हंगामात दोन महिने गावातल्या बाया मालगुजाराच्या आवारात दगड मांडून बसत. हातांना राख चोळत, तोंडाला पदर बांधत, तरी तेल उडायचं तिथे उडेच. दोन महिने त्या बाया लेकरांना हात लावत नसत. कारण आईच्या हाताचं तेल लेकराच्या गालाला लागलं की गाल उततो. अंगावर पिणारं लेकरू असलं, तर आई लुगडं बदलून बसे, दोन्ही हात पाठीमागे धरी आणि दुसरं कोणीतरी लेकराला तिच्या छातीशी धरी. याला बिबखेडात ‘हात मागं करून पाजणं’ म्हणत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. चालत आलेलं होतं, म्हणून चालत होतं.

गावाचे मालगुजार गुणवंतराव. गाव त्यांचं, जंगल त्यांचं, बिबेही त्यांचेच. त्यांचा नियम असा की दर घरामागे एका बाईचे हात बिब्याला लागलेच पाहिजेत. बाई आजारी असो, म्हातारी असो, त्यांना हात दिसायला हवेत.

आणि याच गावात धुरपा राहत होती.

धुरपाची कातडी देवानं जास्वंदीच्या पाकळीची केली होती, असं म्हणतात. बिबा फोडणं दूरच, बिब्याच्या झाडाखालून गेली तरी तिचे डोळे सुजत. नवं लुगडं नेसली की कमरेला पुरळ. कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ केली की दिवसभर आग. बाया तिला हसत. “धुरपे, तुले कापसात गुंडाळून शिंक्यावर ठेवलं पाह्यजे व,” असं म्हणत. धुरपा रागीट होती. ती म्हणे, “ठेवा. वरून तुमच्या डोक्यावर थुंकाले बरं पडन.”

नवरा लवकर गेला. घरात धुरपा आणि तिची एकुलती एक लेक, मैना. दहा वर्षांची झाल्यापासून घरचे हात म्हणून मैनाच बिब्याला बसू लागली. आईच्या कातडीची झीज लेकीच्या कातडीवर गेली, आणि ही गोष्ट धुरपानं एक दिवसही मनातून जाऊ दिली नाही. ती चिडायची ती जगावर, पण सगळ्यांत जास्त स्वतःवर.

मैनाचं लग्न झालं. त्या वर्षी धुरपा स्वतः दगडावर बसली. चौथ्या दिवशी तिचं तोंड एवढं सुजलं की फकिरा कोतवालानं तिला तिच्याच घराचा रस्ता हाताला धरून दाखवला. तो हंगाम तसाच गेला. पुढच्या हंगामात मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळणा झाला, आणि त्याच दिवशी फकिरा कोतवाल दारात उभा राहिला.

“धुरपामाय, उद्यापासून मैनीले पाठवा. धन्याचा निरोप हाय.”

“फकिरा, ओली बाळंतीण हाय थे.”

“तुमच्या घरचे हात नाई लागले औंदा.”

“माहेरवाशीण हाय. माहेरवाशिणीले कोनी काम सांगते का गा? तुया बहिणीले सांगतं का तू?”

“मी कोन सांगनारा? तं मंग तुम्ही चाला.”

एवढं बोलून फकिरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षीचे डाग अजून होते. त्यानं मान खाली घातली आणि गेला.

धुरपा निघालीच होती. मैनानं तिला अडवलं. “तू मेली तं लेकराले छातीशी कोन धरन? मी जाते. हात मागं करून पाजीन.” आणि ती गेली.

त्या दिवसापासून रोज चार वेळा मैना घरी येई, लुगडं बदले, हात पाठीमागे धरी आणि धुरपा नातीला तिच्या छातीशी लावी. लेकरू आईच्या बोटाला धरायला हात हलवी, आणि त्याच्या हाती यायचं ते आजीचं बोट. मैना वर आढ्याकडे पाहत बसे.  

मग तिनं औषध शोधायला घेतलं. तिची रीत अशी, की जे करायचं ते आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत वाट पाहायची. माझ्या कातडीला जे सोसेल ते कोणालाही सोसेल, असा तिचा हिशोब. लिहिता तिला येत नव्हतं. ती भिंतीवर गेरूनं चित्र काढी. वाटलेल्या तिळाचं एक, खोबऱ्याचं एक, कोथिंबिरीच्या पानांचं एक. अंगावर पुरळ आलं तर चित्रासमोर ठिपके. थोडं आलं तर थोडे, फार आलं तर फार. तिळासमोर तीन ठिपके होते. हळदीसमोर इतके, की मोजताना माणूस कंटाळे. भिंत भरली, पण बिनठिपक्याचं चित्र एकही निघालं नाही.

हंगामात मालगुजाराकडून दर घराला हात चोळायला तुपाचा एक गडू मिळे. मोठे उपकार केल्यासारखं देत. तूप असायचं जुनं, खवट, कोठीत कोणाला नको असलेलं. धुरपानं तेही कोपराला लावलं आणि कोपर लाल झालं. त्या दिवशी तिचा राग तिला आवरेना. “देतात तेही कुजकं देतात,” असं म्हणून तिनं ते तूप तांब्याच्या परातीत ओतलं आणि त्यावर विहिरीचं पाणी घातलं. वास जाईपर्यंत धुवायचं असं ठरवून ती अंगणात बसली आणि तळव्यानं घासू लागली.

“हे माया लेकीच्या बाराव्या दिवसाचं!” असं म्हणून तिनं पहिलं पाणी ओतून दिलं. दुसरं घातलं. “हे मागं धरलेल्या हाताचं!” दुसरं पाणी गेलं. पाणी घालायचं, तळव्यानं गोल गोल घासायचं, एक रागाचं बोलायचं आणि पाणी फेकायचं. दर पाण्याला ती बाजूला एक चिंचोका ठेवी. कुंपणाबाहेरून जाणाऱ्या बाया थांबू लागल्या.

“कोनाले बोलून राह्यली व धुरपे?”

“तुपाले.”

“तूप काय बोलते?”

“आयकते. तेवढंही कोनी आयकत नाई या गावात.”

चौतीस चिंचोके झाले आणि धुरपाचे शब्द संपले. घसा बसला. तेव्हा कुंपणापलीकडची सोनकी हळूच म्हणाली, “माया एक टाक ना मंग. माया पोराच्या डोयाले माया हात लागला होता. एका डोयानं दिसत नाई त्याले आता.” धुरपानं ते पाणी ओतलं. मग दुसरी म्हणाली, “माया नवरा म्हणते तुया हातची भाकर नको, बिब्याची हाय. अन् भाकर खाते पाच.” बाया हसल्या आणि हसता हसता एकीचे डोळे भरले. मग कुंपण ओलांडून एकेक आत येत गेली. गुरं रानातून परतायच्या वेळेला शंभर चिंचोके झाले. परातीत पाहिलं तर तूप तुपासारखं राहिलंच नव्हतं. पांढरं, कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखं, लोण्याहून मऊ, हाताला गार. वास गेलेला. असं म्हणतात, की त्या वेळी अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या बायांना एकदम आपल्या हातांची आग थोडी कमी झाल्यासारखी वाटली, कोणीही लावलेलं नसताना.

मैना म्हणाली, “दे मले.” धुरपा म्हणाली, “उद्या.” आधी कोपर. एक दिवस. लेकीच्या बोटांतून पाणी गळत होतं, तरी एक दिवस. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा कोपर होतं तसंच गोरं होतं. तिनं भिंतीवर परात काढली आणि तिच्यासमोर एकही ठिपका काढला नाही. मग ते तूप मातीच्या बुडकुलीत भरलं, कारण तांब्यात ठेवलं तर ते हिरवं पडतं, आणि मैनाच्या हाताला लावलं.

फोड बसू लागले. पण मैना रोज बिब्याला जाई. रात्री जे भरून येई ते दुपारी पुन्हा फुटे, आणि तेल हातावर असेपर्यंत लेकराला धरणं नाहीच. तेव्हा धुरपाला कळलं, की औषध झालं आहे, पण औषधाला पाहिजे ती उसंत तिच्या घरात नाही. ती मालगुजाराच्या ओसरीत आहे.

ती ओसरीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे आवारातल्या सगळ्या बाया दगड खाली ठेवून आल्या. गुणवंतराव पान जमवत बसले होते.

“मालक,” धुरपा म्हणाली, “तीन दिवस सोडा. तीन दिवसांत माया लेकीचे हात साफ होतात. अंगावरचं लेकरू हाय तिचं.”

“बिब्यानं काही होत नसते, धुरपे. हात धूत नाई तुम्ही. कामचुकारी हाय सारी.”

“होत नसते?”

“काहीच नाई होत.”

“मंग फोडा एक.”

बाया हसल्या. ते हसणं गुणवंतरावांना झोंबलं असावं. त्यांनी टोपलीतला एक बिबा उचलला आणि दगड न घेता, सुपारी कातरावी तसा तो अडकित्त्यात धरून डोळ्यांसमोर नेला. बिबे फोडणारी लहान पोरगीसुद्धा असं करणार नाही. बिबा नेहमी अंगापासून दूर, खाली तोंड करून फोडायचा असतो. अडकित्ता दाबला. तेलाची चिळकांडी उडाली ती उजव्या गालावर आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना.

“काही नाई,” असं म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. म्हणजे तेल जिथे नव्हतं तिथेही लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून विचारलं, की हा आरसा कोणी बदलला? मग थोड्या वेळानं आरसाही दिसेना, कारण डोळे मिटले. वैद्य आला, त्यानं हळद लावली. त्यावर गुणवंतरावांनी जी आरोळी ठोकली ती जंगलात मोरांनी ऐकली आणि त्यांनी उत्तर दिलं, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी फकिरा धुरपाच्या दारात आला.

“धुरपामाय, बुडकुली द्या. धन्यानं मागतली.”

“बुडकुली मैनीची हाय.”

“लय तडफडून राह्यले थे.”

“मैनीही तडफडली, फकिरा. तिले पाह्याले तू आला नाई. बोलवाले आला.” धुरपा उठली. “दुसरं करून देते म्हण. त्यांच्या ओसरीत, त्यांच्या चांगल्या तुपाचं, साऱ्या गावासमोर. पाणी त्यांनी ओतायचं. बोलायचं आम्ही. त्यांनी आयकायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाई.”

मालगुजाराच्या विहिरीच्या दोराला बिबेवाल्या बायांनी हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून पाणी गुणवंतरावांनाच काढावं लागलं. डोळे मिटलेले, फकिरानं दंडाला धरलेलं, आणि पाण्याचा पितळी गुंड हातात. धुरपानं ओसरीत परात मांडली. सारा गाव जमला.

एकेक पाणी पडू लागलं आणि एकेक बाई बोलू लागली.

“तुमच्या सुनेच्या लाडवात गोडंबी आमची, अन् तिच्या लेकराच्या बारशाले आम्ही उंबऱ्याभाहेर.”

“मी सातव्या महिन्यात दगडावर बसली. थे पोरगं राह्यलं नाई.”

“माया लेकीले पाह्याले आले होते पाहुणे. हात पाहून उठून गेले.”

एक्केचाळिसाव्या पाण्याला सोनकी आपल्या पोराच्या डोळ्याचं बोलली. गुणवंतरावांना राहवेना. “खोटं हाय! थे पोरगं जन्मताच...”

आणि परातीतलं तूप, जे अर्धं पांढरं झालं होतं, ते सगळ्यांच्या देखत पिवळं पडलं. पहिल्यासारखं पिवळं, रवाळ.

धुरपानं एक्केचाळीस चिंचोके उचलले आणि बाजूला फेकले. “एकपासून,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तराव्या पाण्याला ते नुसतं “हूं” म्हणाले. तूप पुन्हा पिवळं. “एकपासून.” काही लोक म्हणतात असं तीनदा झालं, काही म्हणतात सातदा. विहिरीची पायरी झिजली ती त्या दिवशी, असंही म्हणतात. शेवटी गुणवंतराव गप्प झाले. त्यांचे हात दोरानं सोलले होते. ते पाणी आणत, ओतत आणि ऐकत. नव्व्याण्णव चिंचोके झाले. तूप दुधासारखं झालं, पण शेवटचा पिवळेपणा काही जाईना.

गाव धुरपाच्या तोंडाकडे पाहू लागला. 

“शंभरावं मी नाई बोलनार,” ती म्हणाली. “शंभरावं तुम्ही बोला, मालक.”

गुणवंतराव गुंड घेऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.  मग ते म्हणाले, “धुरपाच्या लेकीनं आपल्या लेकराले...” आणि थांबले. “किती दिवस झाले?”

“बावन्न,” मैना म्हणाली. साऱ्या दिवसात ती तेवढंच बोलली.

“धुरपाच्या लेकीनं आपल्या लेकराले बावन्न दिवस हात नाई लावला. माया हुकमानं.”

त्यांनी पाणी ओतलं. धुरपानं तळवा फिरवला आणि तूप पांढरं झालं.

तिनं आधी कोपराला लावलं. एक दिवस सगळे थांबले, मालगुजारही थांबले. दुसऱ्या दिवशी तिनं बोटभर तूप मैनाला दिलं, मग सोनकीला, मग जी जशी पाण्यावर बोलली तशी प्रत्येकीला. परात रिकामी झाली.

“मले?” गुणवंतरावांनी विचारलं.

“काठाले चिकटलं हाय थे तुमचं. खरवडून घ्या.”

त्यांनी खरवडून घेतलं. त्यांचे डोळे उघडले. उजव्या गालावर मात्र एक काळी खूण राहिली, परटानं कपड्यावर करावी तशी. त्या दिवसापासून अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बाईला बिब्याचा निरोप गेला नाही, आणि विहिरीचा दोर कोणाच्याही हाताला मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी मैनाचे हात स्वच्छ झाले. तिनं ते पुढे केले आणि लेकराला घेतलं. आणि लेकरू रडलं. त्याला ते हात माहीत नव्हते. ते मान वळवून आजीच्या बोटासाठी हात हलवू लागलं. मैना नुसती त्याला धरून बसली. धुरपा उठली, भिंतीपाशी गेली आणि त्या बिनठिपक्याच्या परातीसमोर तिनं एक ठिपका काढला. तो तिनं कधी पुसला नाही. पुढे तिनं कितीक बायांचे हात बरे केले, दूरदूरची माणसं तिच्याकडे आली, पण तिनं मालगुजाराला माफ केलं असं मात्र कोणीच म्हणत नाही.

धुरपामाय गेली तेव्हा फार म्हातारी होती. परात अजून आहे. बिब्याचा हंगाम संपला, की पौषातल्या एका दिवशी बिबखेडच्या बाया ती विहिरीपाशी मांडतात. पाणी पुरुषांनी ओतायचं, दर वर्षी एकानं. बाया एकेक पाण्याला एकेक बोलतात. आता बोलणी वेगळी आहेत. नळ येतो त्या वेळेचं असतं, दवाखान्यातल्या बाकड्याचं असतं, आणि पाच भाकरी खाणारा नवरा तर दर वर्षी असतोच. ओतणाऱ्यानं मध्ये शब्द काढला, की चिंचोके फेकायचे आणि एकपासून सुरू. ज्या बाईची कातडी सगळ्यांत नाजूक तिच्या कोपराला आधी लावतात आणि एक दिवस थांबतात. मग गावातल्या नव्या लेकरांना लावतात, ते त्यांच्या आईच्या हातानंच, दुसऱ्या कोणाच्या नाही.

नव्व्याण्णव झाले, की बाया गप्प होतात. शंभरावं ओतणाऱ्यानं बोलायचं असतं. त्यानं स्वतः केलेलं असं काहीतरी. कधी तो लगेच बोलतो. कधी फार वेळ लागतो. गुंड हातात जड होतो, उन्हं कलतात, लेकरं कंटाळून झोपतात. त्याला कोणी काही म्हणत नाही. बाया परातीभोवती बसून असतात आणि तुपाचा शेवटचा पिवळेपणा तसाच राहतो.